स्ट्रोकनंतर लुळा पडलेला हात व्हीआर गेम खेळून बरा होतो का?

डोळ्यांवर जाडजूड काळा हेडसेट. समोर कोणीच नाही. आणि खुर्चीत बसलेले साठीतले एक काका हवेत हळूहळू हात पुढे नेतायत, जणू झाडावरचं फळ तोडतायत. शेजारी उभी असलेली फिजिओथेरपिस्ट म्हणतेय, "अजून थोडं वर काका, अजून थोडं..."

असं एखादं रील तुमच्याही फीडमध्ये येऊन गेलं असेल. खाली कॅप्शनही साधारण ठरलेली असते: आता व्हीआरने पॅरालिसिस बरा होणार!

बाकीचे लोक लाइक करून पुढे जातात. पण ज्यांच्या घरात स्ट्रोकचा पेशंट आहे, त्यांचा अंगठा तिथे थांबतो. आईचा उजवा हात तीन महिने झाले उचलला जात नाहीये. हॉस्पिटलचं बिल भरून हात आधीच रिकामा झालाय. आणि आता कोणीतरी सांगतंय की अमुक सेंटरमध्ये व्हीआर थेरपी आहे, तिकडे घेऊन जा. जायचं का? पैसे घालायचे का? नाही गेलो तर आईची संधी हुकेल का?

या प्रश्नांची उत्तरं गेल्या १५ वर्षांत बऱ्यापैकी मिळाली आहेत. ती रीलइतकी चकचकीत नाहीत, पण जास्त उपयोगाची आहेत. एकेक करून समजून घेऊया.

बिघाड हातात नसतो

स्ट्रोक म्हणजे मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा अचानक तुटणं. कधी रक्तवाहिनीत गुठळी अडकते, कधी रक्तवाहिनी फुटून मेंदूत रक्तस्राव होतो. आपल्याकडे याला पक्षाघात, लकवा किंवा अर्धांगवायू म्हणतात.

अमेरिकेतले न्यूरॉलॉजिस्ट जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये एक हिशोब मांडला होता. मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली आणि उपचार मिळाले नाहीत, तर दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात. एक मिनिट, १९ लाख. म्हणूनच स्ट्रोकमध्ये घड्याळ इतकं महत्त्वाचं असतं.

आता यातली एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. पेशंटचा हात लुळा पडतो तेव्हा हाताची हाडं शाबूत असतात, स्नायूही जागेवर असतात. बिघडलेली असते ती हाताला 'हल' असा आदेश देणारी मेंदूतली यंत्रणा. त्यामुळे नुसत्या तेलाच्या मालिशने हात परत येत नाही. मालिशने बरं वाटेल, पण हालचाल परत यायची तर मेंदूला ती पुन्हा शिकावी लागते.

आणि मेलेल्या पेशी परत येत नाहीत. मग मेंदू शिकतो कसा?

माकडांनी शिकवलेला धडा

१९९६ मध्ये रँडॉल्फ नूडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या विज्ञानपत्रिकेत एक प्रयोग प्रसिद्ध केला. स्क्विरल मंकी या छोट्या माकडांच्या मेंदूत, हात चालवणाऱ्या भागाला त्यांनी लहानशी इजा केली. म्हणजे एक प्रकारे छोटा स्ट्रोकच घडवला. मग या माकडांना छोट्या खळग्यांतून खाऊचे दाणे बोटांनी उचलून काढायचं काम दिलं. रोज, पुन्हा पुन्हा.

काही आठवड्यांनी मेंदूचा नकाशा तपासला तेव्हा दिसलं की इजेच्या आजूबाजूचा जो भाग हात चालवायचा, तो टिकून राहिला होता. काही माकडांत तर हाताचा इलाका शेजारी पसरला होता. जो भाग आधी कोपर आणि खांदा सांभाळायचा, तो आता बोटांच्या कामाला लागला होता. याआधी अशीच इजा झालेल्या, पण सराव न केलेल्या माकडांत उलट घडलं होतं. वाचलेला भागही हळूहळू हाताचं काम सोडून देत होता.

मेंदूच्या या स्वतःला नव्याने जुळवून घेण्याच्या क्षमतेला न्यूरोप्लास्टिसिटी म्हणतात. गावात एखादा पूल वाहून गेला की लोक शेताच्या बांधावरून वाट पाडतात, तसंच हे. पण ती वाट एकदा चालून पडत नाही. तिच्यावरून शेकडो वेळा जावं लागतं.

मग पेशंटकडून प्रत्यक्षात किती सराव होतो?

एका सेशनमध्ये फक्त ३२ वेळा

अमेरिकेतल्या कॅथरीन लँग यांच्या टीमने हेच मोजायचं ठरवलं. अमेरिका आणि कॅनडातल्या ७ सेंटरमध्ये जाऊन त्यांनी स्ट्रोकच्या पेशंटची ३१२ सेशन्स बसून पाहिली आणि पेशंट कोणती हालचाल किती वेळा करतो हे मोजलं. २००९ मध्ये निष्कर्ष आले.

पेला उचलणं, वस्तू पकडणं अशा कामाच्या हालचालींचा सराव जेमतेम निम्म्या सेशन्समध्ये होत होता. आणि जिथे होत होता, तिथे एका सेशनमध्ये सरासरी ३२ वेळा.

प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिवसाला शेकडो वेळा सराव, आणि माणसांच्या थेरपीत ३२ वेळा. रिहॅबिलिटेशनमधली खरी गोची ही आहे.

यात फिजिओथेरपिस्टचा दोष नाही. त्यांच्याकडे वेळ मर्यादित, पेशंट रांगेत. पेशंट थकलेला असतो, अनेकदा निराश असतो. आणि हालचाल कंटाळवाणी असते. ज्या हाताने आयुष्यभर दुकान चालवलं, भाकऱ्या थापल्या, त्या हाताने प्लास्टिकचा कोन उचलून बाजूला ठेवायचा. परत उचलायचा. परत ठेवायचा. तिसऱ्या दिवशी पेशंट म्हणतो, "राहू दे आज."

नेमक्या याच जागी व्हीआरची एंट्री होते.

व्हीआर म्हणजे फक्त हेडसेट नव्हे

व्हर्च्युअल रिॲलिटी म्हटलं की डोळ्यांसमोर हेडसेट येतो. पण स्ट्रोकच्या उपचारात या शब्दाखाली दोन वेगवेगळ्या गोष्टी मोडतात.

पहिली, पडदा आणि सेन्सर. समोर टीव्ही किंवा मॉनिटर असतो, आणि कॅमेरा किंवा हातातला रिमोट तुमची हालचाल टिपतो. तुम्ही हात हलवला की पडद्यावरचा हात हलतो. निन्टेंडो वी हा गेम कन्सोल २००६ मध्ये आला आणि मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट कॅमेरा २०१० मध्ये. दोन्ही बनवले होते घरातल्या करमणुकीसाठी, पण जगभरच्या फिजिओंनी ते थेट हॉस्पिटलमध्ये नेले.

दुसरी, हेडसेट. यात आजूबाजूची खोली दिसेनाशी होते आणि पेशंटला आपण बागेत, स्वयंपाकघरात किंवा बाजारात उभे आहोत असं वाटतं. मान वळवली की दृश्यही वळतं.

आतापर्यंतच्या अभ्यासांत हेडसेटवाल्यांपेक्षा पडदा आणि सेन्सरवाल्यांची संख्या जास्त आहे. त्यामुळे "व्हीआरचा फायदा सिद्ध झालाय" असं कोणी सांगितलं, तर पहिला प्रश्न विचारायचा: कोणत्या व्हीआरचा?

यात नेमकं काय घडतं?

समजा, काकांचा डावा हात खांद्यापर्यंतच वर जातो. थेरपिस्ट गेममध्ये फळं त्याच उंचीच्या किंचित वर ठेवते. हात तिथवर पोचला की फळ सुटतं, आवाज येतो, गुण मिळतात. दहातली आठ फळं मिळायला लागली की फांदी अजून थोडी वर. चार-पाचच मिळाली तर फांदी खाली. काम फार सोपं असेल तर मेंदू शिकत नाही, आणि फार अवघड असेल तर माणूस सोडून देतो. या दोन्हींच्या मधली रेघ मशीन सतत सांभाळत राहतं.

दुसरी गोष्ट म्हणजे लगेच मिळणारं उत्तर. साध्या व्यायामात कालच्यापेक्षा आज हात दोन सेंटिमीटर जास्त वर गेला, हे पेशंटला कळतही नाही. इथे पडद्यावर दिसतं.

तिसरी गोष्ट थोडी गंमतशीर आहे. मेंदूला चकवता येतं. मूळचे तमिळनाडूचे मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात साध्या आरशाचा वापर सुरू केला. हात कापलेल्या रुग्णांना नसलेल्या हातात वेदना होत. रामचंद्रन यांनी धडधाकट हाताचं प्रतिबिंब आरशात असं दाखवलं की दोन्ही हात जागेवर आहेत असं वाटावं. पुढे हीच युक्ती स्ट्रोकसाठी वापरली गेली आणि मिरर थेरपी म्हणून रुळली. व्हीआरमध्ये हा आरसा डिजिटल होतो. पेशंटचा हात थोडाच हलतो, पण पडद्यावरचा हात तीच हालचाल मोठी करून दाखवू शकतो.

चौथी गोष्ट सुरक्षिततेची. काही पेशंटना स्ट्रोकनंतर एका बाजूचं जगच जाणवत नाही, बहुतेकदा डाव्या बाजूचं. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते. डावीकडून येणारी रिक्षा दिसत नाही. डोळे ठीक असतात, लक्ष जात नसतं. अशा माणसाला रस्ता ओलांडायचा सराव खऱ्या रस्त्यावर कसा देणार? आभासी रस्त्यावर देता येतो. तिथे रिक्षा अंगावर आली तरी कोणाला लागत नाही.

वाचून वाटतं, हे तर कमालच आहे. मग याची परीक्षा घेतली तेव्हा काय झालं?

गेम विरुद्ध पत्ते

कॅनडात टोरांटोमध्ये डॉ. गुस्तावो सापोस्निक यांच्या टीमने निन्टेंडो वी घेऊन २२ पेशंटवर एक छोटा प्रयोग केला. २०१० मध्ये निकाल आला आणि तो उत्साह वाढवणारा होता. वी खेळलेल्या पेशंटचे हात जास्त सुधारले होते.

पण २२ माणसांवरून निष्कर्ष काढणं धोक्याचं. म्हणून याच टीमने मोठा अभ्यास केला, 'एव्हरेस्ट' नावाचा. कॅनडा, अर्जेंटिना, पेरू आणि थायलंड या ४ देशांतली १४ सेंटर, १४१ पेशंट. सगळ्यांना स्ट्रोक येऊन तीन महिन्यांच्या आतच झालेले. नेहमीची फिजिओथेरपी सगळ्यांना चालूच होती. त्याशिवाय दोन आठवड्यांत एकेक तासाची १० जादा सेशन्स द्यायची होती. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटाने त्या तासात वी खेळायचं. दुसऱ्याने हाताला काम पडेल असे साधे खेळ खेळायचे: पत्ते, बिंगो, ठोकळ्यांचा जेंगा, नाहीतर चेंडू.

२०१६ मध्ये 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी'त निकाल प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांचे हात सुधारले. दोन आठवड्यांनंतर साधारण ३० टक्क्यांनी, आणि त्यानंतर चार आठवड्यांनी साधारण ४० टक्क्यांनी. पण दोन्ही गटांत फरक नव्हता.

थोडक्यात, जे गेम कन्सोलने केलं तेच पत्त्यांच्या कॅटनेही केलं.

या निकालाकडे दोन्ही बाजूंनी पाहता येतं. एक, 'बघा, व्हीआर म्हणजे नुसता देखावा'. दुसरं, 'बघा, रोजचा एक जादा तास मिळाला की हात सुधारतो'. अभ्यास करणाऱ्यांचं म्हणणं दुसऱ्याच्या जवळ जाणारं होतं: काम पुरेसं जोरकस आणि नेमकं असेल, तर ते कोणत्या साधनाने केलं याने फारसा फरक पडत नसावा.

पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, नॉर्वे, डेन्मार्क आणि बेल्जियममधल्या १२० पेशंटवरच्या अभ्यासातही हेच दिसलं. तितक्याच वेळाची व्हीआर आणि तितक्याच वेळाची साधी थेरपी, निकाल बरोबरीचा.

डॉल्फिन चालवणारे पेशंट

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या जॉन क्राकाऊर यांच्या टीमने वेगळा विचार केला. बाजारातले गेम धडधाकट लोकांसाठी बनलेले असतात, मग स्ट्रोकसाठीच खास गेम का बनवू नये? त्यांनी एक डॉल्फिन बनवला. पेशंटचा लुळा हात यांत्रिक आधारावर ठेवायचा, म्हणजे हाताचं वजन पेलावं लागत नाही. हात जसा हवेत फिरेल तसा पडद्यावरचा डॉल्फिन पोहणार, मासे खाणार, शार्कशी दोन हात करणार. यात 'हात उचला, हात ठेवा' अशी ठरलेली हालचाल नव्हती. लहान मूल हातपाय हलवून बघत बघत शिकतं, तसं हे होतं.

स्ट्रोकनंतर पहिल्या पाच आठवड्यांत सुरुवात करून, नेहमीच्या उपचारांशिवाय आणखी ३० सेशन्स तीन आठवड्यांत दिली. एकूण पेशंट २४. काहींना डॉल्फिन, काहींना तितक्याच वेळाची साधी, पण थेरपिस्टने कसून घेतलेली थेरपी.

निकाल? दोन्ही गट पुन्हा बरोबरीत. पण इथे एक महत्त्वाची गोष्ट दिसली. आधी नेहमीएवढीच थेरपी मिळालेल्या जुन्या पेशंटशी तुलना केली, तेव्हा हाताने काम करण्याच्या चाचणीत हे दोन्ही गट पुढे होते. अभ्यास छोटा होता, म्हणून फार ताणायला नको. पण दिशा तीच दाखवतो. फरक डॉल्फिनने पाडला नाही, जादा तासांनी पाडला.

सगळे अभ्यास एकत्र केले तर?

एकेका अभ्यासाने गोंधळ होतो, म्हणून 'कोक्रेन' ही संस्था एका विषयावरचे सगळे चांगले अभ्यास एकत्र करून हिशोब मांडते. वैद्यकीय जगात तिचा शब्द वजनदार मानतात. स्ट्रोक आणि व्हीआरवर ऑस्ट्रेलियातल्या केट लेव्हर आणि सहकारी हा आढावा घेत आलेत.

२०१७ च्या आढाव्यात ७२ अभ्यास आणि २४७० पेशंट होते. निष्कर्ष असा: साध्या थेरपीच्या जागी व्हीआर दिली तर हाताला खास जास्त फायदा नाही. पण साध्या थेरपीत व्हीआरची भर घातली, म्हणजे एकूण वेळ वाढवला, तर फायदा दिसतो.

२०२५ मध्ये हाच आढावा पुन्हा घेतला तेव्हा १९० अभ्यास आणि ७१८८ पेशंट होते. यावेळी चित्र थोडं सुधारलं. इतर थेरपीच्या तुलनेतही व्हीआरने हाताला फायदा दिसला, पण तो थोडासाच. वेळ वाढवण्यासाठी भर म्हणून वापरली तिथे फायदा जास्त. तोल सांभाळण्यातही थोडी मदत झाली. त्रास झालेल्यांची संख्या कमी होती.

म्हणजे व्हीआर थोतांड नाही, आणि चमत्कारही नाही. व्यायामाचे तास वाढवण्याचं ते एक चांगलं साधन आहे.

एक गल्लत इथे टाळायला हवी. काही मशीन्सच्या जाहिरातीत 'एफडीएची मान्यता' असं ठळक लिहिलेलं असतं. उदाहरणार्थ, हैदराबादमध्ये वाढलेल्या तेज ताडी यांनी स्वित्झर्लंडमध्ये २०१२ साली सुरू केलेल्या माइंडमेझ या कंपनीच्या 'माइंडमोशन प्रो' या यंत्रणेला २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएची मंजुरी मिळाली. अशी मंजुरी महत्त्वाची असते. पण ज्या मार्गाने ती मिळते, त्यात बाजारात आधीपासून असलेल्या साधनाशी तुलना करून नवं साधन पुरेसं सारखं आणि सुरक्षित आहे का, हे पाहिलं जातं. 'इतर कोणत्याही थेरपीपेक्षा जास्त गुणकारी' असा त्याचा अर्थ होत नाही.

आपल्याकडचा प्रश्न वेगळा आहे

गडचिरोलीत 'सर्च' संस्थेच्या संशोधकांनी ८६ गावांतल्या मृत्यूंचा अभ्यास केला. २०१५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. तिथे मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण स्ट्रोक निघालं, एकूण मृत्यूंपैकी १४.३ टक्के. शहरी, श्रीमंतांचा म्हणून समजला जाणारा आजार खेड्यात इतका खोल पोचलाय.

यातून जे वाचतात, त्यांचं पुढे काय? मेट्रो शहरात व्हीआर आहे की नाही हा त्यांचा प्रश्नच नसतो. आठवड्यातून तीनदा तालुक्याला न्यायचं तर रिक्षाभाडं आणि सोबत येणाऱ्याची मजुरी बुडणार. मग महिन्याभरात थेरपी बंद पडते.

घरच्यांनाच शिकवलं तर? भारतात हे करून पाहिलंय. 'अटेंड' नावाच्या अभ्यासात देशातल्या १४ हॉस्पिटलमधले १२५० पेशंट होते. निम्म्यांच्या घरच्यांना व्यायाम घ्यायचं प्रशिक्षण दिलं. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला: सहा महिन्यांनंतर मृत्यू किंवा परावलंबन यात दोन्ही गटांत फरक नव्हता. घरच्यांची माया कमी पडली असं नाही. पण प्रशिक्षित थेरपिस्टचं काम नुसतं घरच्यांवर सोपवून भागत नाही, हे यातून दिसलं.

मग मधला मार्ग? तो २०१९ च्या एका अमेरिकन अभ्यासात दिसतो. स्टीव्हन क्रेमर यांच्या टीमने १२४ पेशंटचे दोन गट केले. एकाने सेंटरमध्ये येऊन थेरपी घेतली, दुसऱ्याने घरी. घरी त्यांना कॉम्प्युटर आणि हाताने चालवायची गेमची साधनं बसवून दिली होती. निम्म्या सेशन्सला थेरपिस्ट व्हिडिओ कॉलवर असायचा, उरलेली पेशंटने एकट्याने करायची. दोन्हीकडे ३६ सेशन्स, प्रत्येकी ७० मिनिटं. ६६ गुणांच्या हाताच्या चाचणीत दोन्ही गट सरासरी ८ गुणांच्या आसपास सुधारले.

म्हणजे अंतर गेममुळे कापता येतं, पण पलीकडे थेरपिस्ट हवा. भारतातही या दिशेने काम चाललंय. वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि आयआयटी मद्रास यांनी मिळून 'प्लूटो' नावाचा छोटा रोबोट बनवलाय. हाताचा व्यायाम करता करता त्यावर गेम खेळता येतात, आणि तो टेबलावर मावतो.

कोणाला जपून?

हेडसेटमुळे काहींना गरगरतं, मळमळतं, डोकं दुखतं. ज्यांना स्ट्रोकनंतर फिट्स आल्या आहेत, चक्कर येते, दिसण्यात दोष आहे किंवा गोंधळल्यासारखं होतं, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हेडसेट लावू नये. हेडसेट लावून उभं राहायचं असेल तर शेजारी माणूस हवाच. आजूबाजूचं दिसत नसताना तोल गेला तर पडून हाड मोडायचं, आणि सहा महिने मागे जायचं.

आणि घाईही नको. २०१५ मध्ये ५ देशांतल्या २१०४ पेशंटवरच्या 'अव्हर्ट' या अभ्यासात दिसलं की स्ट्रोकनंतर पहिल्या २४ तासांतच पेशंटला जास्त वेळा आणि जास्त वेळ उठवून चालवलं, तर तीन महिन्यांनंतरचे परिणाम उलट थोडे वाईट आले. सुरुवात कधी करायची हे डॉक्टर ठरवतील. पण एकदा त्यांनी हो म्हटलं की दिवस वाया घालवू नका. सगळ्यात वेगाने सुधारणा साधारण पहिल्या तीन महिन्यांत होते. त्यानंतरही होते, फक्त वेग कमी होतो. 'सहा महिने झाले, आता काही होणार नाही' असं कोणी सांगितलं तर ते खरं मानू नका.

पैसे भरण्याआधी विचारायचे ६ प्रश्न

१. व्हीआर नेहमीच्या व्यायामाच्या वेळेत होणार की त्याशिवाय जादा? त्याच वेळेत होणार असेल तर जास्त पैसे मोजण्यात फारसा अर्थ नाही.

२. एका सेशनमध्ये पेशंटचा हात साधारण किती वेळा हलणार? चांगल्या सेंटरकडे हा आकडा असतो, कारण मशीन तो मोजतं.

३. सेशनभर थेरपिस्ट शेजारी असणार की हेडसेट लावून देऊन निघून जाणार? खांदा वर उचलून किंवा कंबर झुकवून पेशंट गेममध्ये गुण मिळवू शकतो. असं झालं तर चुकीची हालचालच पक्की होते, आणि हे ओळखायला माणूस लागतो.

४. कोणतं काम परत यायला हवं आहे? 'हात सुधारेल' हे उत्तर नव्हे. 'शर्टाचं बटण लावता येईल', 'पेला तोंडापर्यंत नेता येईल' हे उत्तर.

५. फरक कसा आणि कधी मोजणार? पहिल्या दिवशी मोजलं नसेल, तर महिन्यानंतर सुधारणा झाली की नाही हे कसं कळणार?

६. घरी काय करायचं? याचं उत्तर नसेल तर बाकी सगळं अपुरं आहे.

आणि व्हीआर जवळपास नसेलच तर?

तर एव्हरेस्ट अभ्यासातला पत्त्यांचा कॅट आठवा. हातात थोडी तरी हालचाल शिल्लक असेल, तर आधी थेरपिस्टकडून नीट शिकून घेऊन घरातच बरंच करता येतं. पत्ते पिसणं आणि वाटणं. दोरीवर कपड्यांचे चिमटे लावणं आणि काढणं. ताटात तांदूळ पसरून त्यातले शेंगदाणे वेचणं. टेबलावर टॉवेल ठेवून तो दोन्ही हातांनी पुढे सरकवणं. नातवंडांबरोबर कॅरमचा डाव. रोज किती वेळा केलं ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. गेममधला स्कोअर जे काम करतो, तेच तो कॅलेंडरवरचा आकडा करतो.

फक्त एक पथ्य पाळा. लुळा हात धरून पेशंटला ओढू नका, उठवू नका. स्ट्रोकनंतर खांद्याचा सांधा सैल झालेला असतो. अशा ओढण्याने तो खाली सरकतो आणि कायमचं दुखणं मागे लागतं.

थोडक्यात काय?

रीलमधल्या काकांचा हात खरोखर सुधारला असेलही. पण तो हेडसेटने सुधारला असं म्हणण्यापेक्षा, हेडसेटमुळे त्यांनी तीच हालचाल कंटाळा न करता शेकडो वेळा केली म्हणून सुधारला, असं म्हणणं खऱ्याच्या जास्त जवळ आहे. व्हीआर परवडत असेल, जवळ असेल आणि नेहमीच्या थेरपीत भर म्हणून मिळत असेल, तर जरूर घ्या. नसेल, तर आईची संधी हुकली असं समजून मन खाऊ नका. संधी हुकते ती सराव थांबल्यावर.

आणि ही वेळच येऊ नये, आली तर नुकसान कमी व्हावं, यासाठी एवढं लक्षात ठेवा. अचानक चेहरा एका बाजूला वाकडा झाला, एक हात उचलला जात नाहीये, बोलणं अडखळतंय, यातलं एकही दिसलं तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा आणि ज्या हॉस्पिटलमध्ये सीटी स्कॅन आहे तिथे पोचा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. लक्षणं किती वाजता सुरू झाली ती वेळ लिहून ठेवा. डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच असेल.